कळीची न्हाणी

मावशींची न्हाणी पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी हसायचा आणि मग कोपर चोळायचा.

दोन रस्ते एकमेकांना येऊन मिळतात त्या टोकावर ती इमारत उभी होती. बांधणाऱ्याने आधी सगळ्या खोल्या शिस्तीत काटकोनात बसवून घेतल्या असणार आणि टोकाला जे काही उरलं ते न्हाणीच्या पदरात टाकलं असणार. दाराशी जागा चांगली ऐसपैस होती. पण आत जावं तशा दोन्हीकडच्या भिंती जवळ जवळ येत आणि शेवटी एका लहान खिडकीपुरतीच भिंत उरे. त्या खिडकीखाली कमोड. तिथवर पोचायचं म्हणजे आत उघडणारं दार पुन्हा लोटून त्याच्यामागचं बेसिन चुकवायचं, नळाखालची बादली ओलांडायची, मग मध्येच गिरकी घेऊन उरलेली पावलं पाठीने टाकायची. घरच्यांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की ते अंधारातही कुठे धडकत नसत. पाहुणे मात्र हमखास धडकत.

मावशी शिवणकाम करत. घेराच्या झग्याला खाली रुंद आणि वर निमुळता असा जो तुकडा जोडतात त्याला कळी म्हणतात. लग्न होऊन या घरात आल्या त्याच आठवड्यात त्यांनी न्हाणीला कळी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव घराला कायमचं चिकटलं. ‘कळीत दिवा राहिलाय’, ‘कळीत कोण आहे?’ असं सर्रास चाले. लेक शाळेत असताना एकदा मैत्रिणीला म्हणाली, “आज मला लवकर जायचंय, कळीला धुवायचं आहे.” दुसऱ्या दिवशी मैत्रीण या धाकट्या बहिणीला बघायला म्हणून घरी हजर. ही गोष्ट काका पुढे कित्येक वर्षं येईल त्याला सांगत.

काका म्हणजे मावशींचे यजमान. त्यांनी आयुष्यभर शहराची बस चालवली. बोलणं मोजकं, आवाज मोठा, आणि गाडीवर हात असा की गर्दीच्या वेळी उभ्या म्हाताऱ्या माणसालाही दांडा धरावा लागू नये. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली कामं वाटून घेतली होती. भाजी आणणं, पाणी भरणं, मावशींनी शिवलेले गणवेश दुकानात पोचवणं. कुणाकडून काही करून घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पाण्याचा पेलासुद्धा ते स्वतः उठून घेत आणि पिऊन झाल्यावर विसळून पालथा घालत.

अशा माणसाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पायात थोडी शक्ती आली होती. वॉकर धरून चालता यायचं. डावा हात कोपरापर्यंत काम करायचा, पुढे नाही. जीभ जड झाली होती. शब्द यायचे, पण एकेक करून, रांगेतून पुढे सरकल्यासारखे. घरी आल्यावर पलंगावर टेकले आणि त्यांनी मावशींना जवळ बोलावलं.

“एक ऐक,” ते म्हणाले. “मला धुवायला... माणूस ठेवू नको.”

“नाही ठेवत. मी आहे की.”

“तूही नको.”

असल्या गोष्टीवर वाद घालायचा नसतो हे मावशींना इतक्या वर्षांच्या संसारात कळलं होतं. पण सकाळ काही कुणासाठी थांबत नाही. वॉकर न्हाणीच्या दारातून आत जाई आणि बादलीपाशी येऊन अडे. पुढे भिंतीच इतक्या जवळ होत्या की त्याचे चार पाय मावत नसत. मग काकांनी वॉकर सोडायचा, एका हाताने बेसिन धरायचं, मग नळ, आणि पुढे धरायला काही नाही म्हणून मावशींचा खांदा. दोघांना शेजारी शेजारी उभं राहायला जागा नव्हती. मावशी पुढे उलट्या चालत आणि काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागून येत, लहान मुलं आगगाडी खेळतात तसे. शेवटी गिरकी घ्यायची वेळ आली की मावशींनी त्यांना काखेत धरून, दोघांच्या जागा बदलेपर्यंत फिरवायचं आणि बसतं करायचं. त्या सगळ्या वेळात काका छताकडे बघत. मावशीही दुसरीकडे बघत. एकमेकांकडे न बघता एवढं जवळ उभं राहायचं हे दोघांनाही जड जाई.

काही दिवसांनी मावशींच्या लक्षात आलं की उशाशी ठेवलेलं पाणी तसंच राहतंय. विचारलं तर म्हणाले, तहान नाही. मग ताप आला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पाणी कमी पितात त्याने हे झालंय, भरपूर पाणी द्या. डॉक्टर गेल्यावर मावशींनी पेला पुढे केला. काकांनी एक घोट घेतला आणि पेला परत दिला.

“अहो, किती दिवस असं चालणार?”

“जेवढं आत जाईल,” काका म्हणाले, “तेवढं... बाहेर यायला तिथे जावं लागतं.”

त्यानंतर एका सकाळी मावशी झोपेत आहेत असं पाहून ते एकटेच गेले. बेसिन गाठलं, नळ धरला, आणि गिरकी घेताना सगळा भार नळावर आला. नळ भिंतीतून निखळून हातात आला. मावशी धावल्या तेव्हा काका बादलीला टेकून जमिनीवर बसलेले होते, तुटलेला नळ मुठीत आणि भिंतीतून पाण्याची धार थेट तोंडावर. हाड मोडलं नव्हतं. मावशींनी आधी पाणी बंद केलं, मग त्यांना उठवायला गेल्या, तेव्हा त्यांनी हात झिडकारला. थोड्या वेळाने तोच हात पुढे केला.

लेक दुसऱ्या शहरात असे. ती पन्नाशीला आली होती, कचेरीत तिच्या हाताखाली बरीच माणसं होती, पण घरात ती अजून बेबीच. पडल्याचं कळताच ती आली. न्हाणीच्या दारात उभी राहून तिने निखळलेल्या नळाचं भोक पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन आईसमोर बसली.

“आई, मी सरळच बोलते. माझ्याकडे खोली रिकामी आहे. बाथरूम मोठं आहे. दिवसा नर्स येईल. बाबांना घेऊन जाते, तूही चल.”

“नर्स काय करील?”

“काय करील म्हणजे? आंघोळ घालील, बाथरूमला नेईल. तिचं कामच आहे ते.”

“ते त्यांना नकोय.”

“मग काय हवंय? पुन्हा पडायला हवंय? तुझी पाठ तरी सरळ राहिली आहे का, बघ जरा आरशात.”

मावशींना राग आला नाही. लेक बोलत होती त्यात खोटं काही नव्हतं. “मला थोडा वेळ दे,” त्या म्हणाल्या. “मी कळी बदलून घेते.”

“भिंती हलणार आहेत का, आई?”

“भिंती नाही हलणार. आतलं हलेल.”

बेबीने कपाळावर हात मारून घेतला. पण निघताना म्हणाली, “पुढच्या महिन्यात मी गाडी घेऊन येते. तोवर त्यांना एकट्याने जाता-येता आलं तर ठीक. नाहीतर मी कुणाचं ऐकणार नाही. दोघांचंही.” आतल्या खोलीतून काका ऐकत होते. त्या रात्री ते दोन पेले पाणी प्यायले. मावशींना ते पाहून हायसं वाटलं नाही; ते तहानेने नव्हे, धाकाने प्यायले होते.

मिस्त्री आला तो ओळखीचाच होता. वरच्या मजल्याचं काम त्याने केलं होतं. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. न्हाणीत शिरला, चारी बाजूंना बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“मावशी, ही खोली आहे की इस्त्रीचा तळवा?”

“आम्ही कळी म्हणतो.”

“बांधणाऱ्याचा काही सूड होता काय तुमच्यावर? बरं, बोला. काय करायचंय?”

“काकांना एकट्याने आत जाता आलं पाहिजे, आणि एकट्याने बाहेर यायला हवं. बाकी मला काही नको.”

मिस्त्रीची थट्टा तिथेच थांबली. तो काकांच्या खोलीत गेला, वॉकर उचलून पाहिला, काकांना नमस्कार केला. मग परत येऊन म्हणाला, “दार बाहेर उघडायचं करू. उंबरा काढू. बेसिन तिथून हलवू. कमोड दाराशी आणू म्हणाल तर ते जमायचं नाही. मैलापाण्याचा पाइप त्या टोकाच्या बाहेर आहे. इथपर्यंत आणायचा तर उतार द्यायला सगळी जमीन उंच करावी लागेल. म्हणजे पुन्हा पायरी आली.”

“बाजूच्या भिंतीला लावला तर? पाइप भिंतीतून बाहेर काढायचा आणि बाहेरून टोकाकडे न्यायचा.”

मिस्त्रीने भिंतीवर टकटक केली. “तसं होईल. मग दाराजवळची ही जागा मोकळी राहील. काका आत येणार, इथे वळणार, इथे बसणार. पण वॉकर वळतो का ते आधी बघायला पाहिजे. मी सगळं फोडून ठेवल्यावर ‘वळत नाही’ म्हणालात तर मी पळून जाईन.”

“ते माझ्यावर सोडा,” मावशी म्हणाल्या.

मापाच्या बाबतीत मावशी कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी टेप घेतली, न्हाणीच्या भिंती, दार, कमोड, सगळ्यांची मापं काढली. बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीला सारलं आणि शिवणाच्या खडूने फरशीवर आख्खी न्हाणी काढली. तीच रुंदी, तेच टोक. कमोडसाठी त्यांनी कापडं बेतायचा खाकी कागद कापला आणि बाजूच्या रेघेला लागून ठेवला, वर दगडी वरवंट्यासारखी आपली जड कात्री. त्याच कागदावर, बसून बघायला, स्टूल. मग काकांना बोलावलं.

“हे काय?”

“कळी. अजून कापलेली नाही, नुसती आखली आहे. चालवून बघा.”

काका खडूच्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. मग वॉकर घेऊन उभे राहिले. तोंडावरचा भाव बदलला. मावशींना त्यांचा तो चेहरा ठाऊक होता. नवीन मार्गावर पहिल्या दिवशी बस काढताना असायचा तो. सावकाश आत आले, रेघ न ओलांडता थांबले, वॉकर थोडा पुढे, थोडा बाजूला, पुन्हा पुढे, असं करत ते पूर्ण वळले आणि स्टुलावर बसले. मग उठले आणि बाहेर गेले. पुन्हा आत आले. वॉकरचा पाय एकदाही रेघेला लागला नाही.

“बसला,” ते म्हणाले. “टर्न बसला.”

त्या दिवसापासून रोज सकाळी ते खडूच्या न्हाणीत फेऱ्या मारू लागले. मावशी मशीनवर बसून तिरक्या नजरेने बघत. रेघ पुसट झाली की पुन्हा ओढत. मिस्त्रीला होकार गेला आणि खरी न्हाणी फुटायला लागली.

फोडलेल्या घरात दिवस काढताना नाकी नऊ येतात. पण मावशींना धुळीचं काही वाटलं नाही. जे वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. न्हाणी नाही म्हणजे भांडं आलं. मावशी भांडं घेऊन यायच्या तेव्हा काका भिंतीकडे तोंड करत आणि सगळं होईपर्यंत तसेच राहत. “थोडेच दिवस,” मावशी म्हणत. ते मान हलवत. खडूच्या फेऱ्या मात्र त्यांनी चुकवल्या नाहीत. मावशींना वाटायचं, हा माणूस त्या रेघांच्या आधारावर उभा आहे.

जुनी जमीन निघाली, उंबरा गेला, भिंतींना खालपासून वरपर्यंत नवी टाइल लागली. पाइपसाठी भिंत फोडण्याआधी मिस्त्रीने नवा कमोड नुसताच जागेवर ठेवला आणि म्हणाला, “काका, एकदा खरंखुरं बघून घ्या. मग मी भोक पाडतो.”

काका स्वच्छ शर्ट घालून आले. तशी काही गरज नव्हती. आत शिरले. थांबले. वॉकर थोडा पुढे, थोडा बाजूला. टक्क. वॉकरचा पाय भिंतीला लागला. मागे घेतला तर दुसरा पाय कमोडला लागला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा टक्क. ते ना धड आत, ना धड वळलेले, असे अडकून उभे राहिले. मानेवर घाम आला. मिस्त्री पुढे व्हायला गेला, तसं मावशींनी त्याला हाताने थोपवलं. काकांनी स्वतःच वॉकर मागे मागे सरकवत बाहेर काढला आणि कुणाकडे न बघता पलंगाकडे निघून गेले.

मावशींनी टेप काढली. खरी न्हाणी मोजली. मग बाहेरच्या खोलीत येऊन खडूची मोजली. गुडघ्यावर बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. पोर वाढतं, माणूस सुटतो. मग शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. मावशींनी बेतलेला गणवेश मुलांना वर्षानुवर्षं पुरतो तो या मायेमुळे, असं लोक म्हणत. माप घेतलं की रेघ त्याच्या बाहेरून दोन बोटं सोडून मारायची, हे त्यांच्या हाताला विचारावं लागत नसे. हाताने तेच केलं होतं. न्हाणीच्या सगळ्या कडांना त्यांनी दोन दोन बोटं माया सोडली होती.

मिस्त्री दारात येऊन उभा होता. त्याला कळायला वेळ लागला नाही.

“भिंतीला माया नसते, मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला. “ती उसवता येत नाही. वर टाइलने अजून थोडं खाल्लं.”

“तुम्ही मोजायला हवं होतं.”

“हवं होतं. तुमच्या मापावर सगळं गाव कपडे घालतं, मी म्हटलं आपण कशाला तोंड घालायचं.”

त्या संध्याकाळी गाडी घेऊन बेबी आली. बाहेरच्या खोलीत खडूच्या रेघा, आत सुटा कमोड, पलंगाखाली भांडं, हे सगळं तिने पाहिलं आणि पर्स हातातच ठेवून उभी राहिली.

“आई, तू त्यांच्यावर प्रयोग करते आहेस.”

“चूक झाली माझ्याकडून.”

“झाली ना? मग आता पुरे. उद्या सकाळी आपण निघतो आहोत.”

मावशी काकांच्या पलंगाशी जाऊन बसल्या. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“अहो, तुमचं काही चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बरोबर वळत होता. मीच माया सोडली. सवयीने. सगळीकडून दोन दोन बोटं.”

काकांचा खांदा हलायला लागला. मावशी घाबरल्या. पण ते हसत होते, एका बाजूच्या तोंडाने, आवाज न करता.

“वाढत्या... अंगाची,” ते म्हणाले. “वाढत्या अंगाची न्हाणी शिवलीस मला.”

बेबी दारात आली होती. तिला काय झालंय ते कळेना.

“आता काय करायचं?” मावशींनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी काकांना घरातल्या मापाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. ते खातं त्यांचं स्वतःचं होतं.

काकांनी उजव्या हाताने पलंगाची कड धरली आणि उठून बसले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. “डेपोत... बस नाकाने लावतात का?”

“मला काय माहीत?”

“मागून लावायची. बाहेर मोठं पटांगण. तिथे वळवायची... आणि रिव्हर्समध्ये आत. सकाळी नाक बाहेर. निघालं की निघालं.” ते दमले, थांबले. “न्हाणीत कशाला वळू? पॅसेजमध्ये जागा आहे. तिथे वळतो. पाठीने आत जातो.”

माणूस न्हाणीत तोंडाने शिरतो हे मावशी, मिस्त्री, सगळेच धरून चालले होते.

“पाठीने जाताना तोल गेला तर?” बेबीने विचारलं. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता.

“धरायला लागेल,” काका म्हणाले. “दोन्हीकडे.”

मावशी उठल्या. ओला फडका घेऊन त्यांनी जुनी न्हाणी पुसून टाकली आणि टेपचं एक टोक बेबीच्या हातात दिलं. “घट्ट धर. आणि रेघेवर धर, बाहेर नाही.” यावेळी टेप भिंतीला पंजाने दाबून, टाइलसकट, माया न सोडता अगदी उघडं माप घेतलं. बेबी गुडघ्यावर सरकत सरकत टेप धरत होती. खडू तिच्या चांगल्या कपड्यांना लागत होता, तिने झटकला नाही. कमोडचा कागद आता बाजूला नव्हता, मध्यभागी होता, दाराकडे तोंड करून, जुन्या जागेपेक्षा बराच पुढे. भिंती जिथे इतक्या जवळ येतात की दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागावेत, तिथे. आजवर जी चिंचोळी जागा शिव्या खात आली होती, तीच हाताशी आली.

दुसऱ्या दिवशी कुणी निघालं नाही; बेबीने रजा वाढवून घेतली. मिस्त्रीने नवी आखणी ऐकली आणि डोकं खाजवलं. “कमोडच्या मागे टोक रिकामं राहतं की. पाइप जमिनीवरून तसाच मागे नेतो, वरून कट्टा बांधतो. साबण, टॉवेल, बादली, सगळं तिथे. जमीन उंच करायला नको, भिंत फोडायला नको.” मग काकांकडे वळून म्हणाला, “काका, हे आधी बोलला असता तर कट्ट्याखाली झाकली जाणारी माझी टाइल वाचली असती.”

“विचारलं कुणी?” काका म्हणाले.

दोन्ही भिंतींना दांडे बसले, दारापासून थेट कमोडपर्यंत. डावीकडचा दांडा मावशींनी थोडा खाली घ्यायला लावला, काकांना पंजाने धरता येत नसे, कोपर टेकवता येई. दाराशी मोकळ्या जागेत आंघोळीची खुर्ची आली आणि हाताच्या उंचीवर, हातात धरायचा शॉवर. कडीवरून मात्र बापलेकीची चांगलीच जुंपली. ती म्हणे, आतून कडी नको. ते म्हणत, मग दार तरी कशाला. शेवटी मिस्त्रीने बाहेरून नाणं घालून उघडता येईल अशी कडी आणली आणि दोघांनाही वाटलं की आपलंच खरं झालं.

ज्या सकाळी पहिल्यांदा जायचं होतं, त्या सकाळी काका पॅसेजमध्ये वळले. बसच्या आरशात बघतात तसं खांद्यावरून मागे पाहिलं. मग वॉकर उचलून, मागे एक पाऊल, पुन्हा वॉकर, पुन्हा पाऊल, असे आत गेले. त्यांचा चेहरा सगळा वेळ बाहेरच्या दोघींकडे होता. आत जाता जाता त्यांनी मावशींकडे सरळ बघितलं, कित्येक महिन्यांनी. उजवा हात दांड्यावर आला, डावं कोपर टेकलं, पोटऱ्यांना कमोड लागला. बसले. मग दांड्याला बांधलेली दाराची दोरी ओढून दार लावून घेतलं. कडी वाजली.

मावशी दाराबाहेर कान देऊन उभ्या राहिल्या.

“तिथे उभी राहू नको,” आतून आवाज आला. “मशीन चालव.”

मावशी मशीनवर जाऊन बसल्या. हातात कापड नव्हतं, बॉबिनला दोराही नव्हता. त्यांनी पायट्यावर पाय ठेवला आणि नुसतंच मशीन चालवत राहिल्या. आतल्या माणसाला ऐकू जावं की बाहेर कुणी ऐकत नाहीये. बेबी खिडकीशी पाठ करून उभी होती. दुपारी ती एकटीच गाडी घेऊन परत गेली.

पुढे तेच रोजचं झालं. काका आत गेले की मावशींचं मशीन सुरू होई, कधी कापडावर, कधी रिकामं. उशाशी पाण्याचा तांब्या दिवसातून दोनदा भरावा लागे. आंघोळ त्यांना फार वेळ लागे, पण ते स्वतः करत, आणि स्वतः पुसून, शर्टाची बटणं तेवढी मावशींकडून लावून घेत. दुसऱ्या वर्षी तर ते कट्ट्यावरचं सामान आवरून ठेवू लागले होते. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असा झटका पुन्हा येऊ शकतो. तो आला तेव्हा लहान आला. बोलणं राहिलं, पायातलं बळ मात्र ओसरत गेलं. आत जायला लागणारा वेळ वाढला. मावशी मशीन चालवत राहत आणि मनातून मोजत राहत. विचारत काही नसत.

एका सकाळी खुर्चीवर आंघोळीला बसल्यावर बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. मावशींचा पाय चालत होता. मग आतून त्यांची हाक आली. मशीनच्या आवाजात पहिली बहुतेक विरून गेली असावी, कारण दुसरी मोठी होती.

“अगं, आत ये.”

मावशी नाण्याने कडी उघडून आत गेल्या. काका खुर्चीवर बसले होते. शॉवर हातातून निसटून जमिनीवर पडला होता आणि तो उचलायला त्यांना वाकता येत नव्हतं. त्यांनी छताकडे पाहिलं नाही.

“आज मला नाही जमायचं,” ते म्हणाले.

मावशींनी शॉवर उचलला आणि पाणी कोमट होईपर्यंत मनगटावर धरून थांबल्या. त्यांच्या शेजारी उभं राहायला जागा होती, मागे जायलाही. त्या मागे गेल्या. या पाठीची रुंदी त्यांना तोंडपाठ होती, खांद्यापासून खांद्यापर्यंत. डाव्या बाजूला ती आता उतरली होती. त्यांनी साबण लावला आणि हळूहळू पाणी सोडलं.

“गार नाही ना?”

“नाही.” काकांनी डोळे मिटून घेतले होते. “मानेवर घाल जरा.”

मावशींनी त्यांची मान पुढे वाकवून एका हाताने कपाळ धरलं आणि मानेवर पाणी घातलं.